पेवात कोण उतरलं होतं?

"मग मला बाहेर काढलं कुणी, अय्या?"

सिद्धय्या स्वामी, गावाचे अय्या, मठाच्या ओसरीवर मेथी निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. जून पानं डावीकडे, कोवळी उजवीकडे.

"बस," ते म्हणाले.

"बसायला आलो नाही. विचारायला आलोय."

"उभ्यानं विचारलेलं मला ऐकू येत नाही. कान म्हातारे झालेत. उंचावरचं धरत नाहीत."

विरूपाक्ष शेटे बसला. काखेत जरीचा फेटा होता, पिशवीत नारळ. सांगलीच्या बाजारात हळदीचा एवढा मोठा व्यापारी, पण हरिपुरापर्यंत उन्हात चालत आला होता आणि गाडी आपण बाजारातच विसरलो, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

"आज त्रिपुरी पौर्णिमा ना?" अय्या म्हणाले. "आज तू दस्तगीरकडे असतोस."

"तिथनंच आलो."

"फेटा काखेत कसा मग?"

विरूपाक्षानं काखेतला फेटा आणखी घट्ट दाबला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगायला हवं. तेव्हा हरिपुरात हळदीची पेवं चालू होती. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. वरून पाहावं तर माणूस जेमतेम आत सरकेल एवढं तोंड, आणि आत घर मावेल एवढं पोट. हळद भरायची, तोंडावर दगड ठेवून माती लिंपायची, की माल वर्षानुवर्षं राहतो. कीड नाही, ओल नाही. धोका एकच. आतली हवा मरते. पेव उघडलं की आधी ते नुसतं मोकळं ठेवतात, मग कंदील सोडतात. कंदील पेटता वर आला तर माणूस उतरतो. विझून आला, तर आपापल्या घरी जाऊन जेवतात.

विरूपाक्ष पाच वर्षांचा असताना अशाच एका उघड्या पेवात पडला. दुपार होती, त्रिपुरी पौर्णिमेचीच. कंदील सोडायला कुणी थांबलं नाही. कुणीतरी उतरलं आणि पोराला वर काढलं.

ते कुणीतरी म्हणजे दस्तगीर हमाल, हे सगळ्या बाजाराला माहीत होतं. कारण दरवर्षी या दिवशी विरूपाक्ष दस्तगीरच्या दारात जायचा, त्याला पाटावर बसवायचा, फेटा बांधायचा. नारळ पुढे केला की दस्तगीर दोन्ही तळव्यांवर टॉवेल पसरायचा आणि त्यात झेलायचा, अदबीनं. मग चार अडते, पाच हमाल, शेजारपाजारचे असे सगळे बसायचे, दस्तगीरची बायको शिरा आणायची आणि विरूपाक्ष ती गोष्ट सांगायचा. सांगायचाही अशी की चहा निवून जावा. बाजारातली माणसं सौदा सोडून ऐकायला यायची.

"यंदा त्यानं फेटा घेतला नाही," विरूपाक्ष म्हणाला.

"बरं."

"पाटावर बसला. मी फेट्याची घडी मोडली. तर हात वर करून म्हणतो, शेठ, यंदा नको. म्हटलं, का मामा, डोकं दुखतंय? तर म्हणतो, मी उतरलो नव्हतो."

अय्यांनी एक जून पान उलटून पाहिलं.

"सगळ्यांसमोर, अय्या. शिऱ्याची ताटं हातात धरून माणसं बसलेली."

"अजून काय म्हणाला?"

"त्याची बहीण आलीय, रुकडीहून. ती परवा बोलता बोलता म्हणाली की तिच्या लग्नात दस्तगीरला बाजेवर घालून नेला होता, पाय मोडलेला म्हणून. लग्न कधीचं, तर त्याच कार्तिकातलं. रात्रभर त्यानं हिशेब घातला म्हणे. मोडक्या पायाचा माणूस पेवात उतरेल कसा?"

"मग इतकी वर्षं फेटा का बांधून घेतला, ते नाही विचारलंस?"

"विचारलं की. तर म्हणतो, शेठ, पहिल्यांदा तुम्ही गोष्ट सांगितलीत तेव्हा मी म्हणालो होतो, असं नव्हतं. तुम्ही तरणे होता, जोरात होता, ऐकलं नाहीत. म्हटलं, पुढच्या वर्षी सांगू. पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा सांगितलीत, आणि मला पेवातला अंधार दिसायला लागला. तिसऱ्या वर्षी दोर काचला तोही कंबरेला जाणवला. नंतर नंतर मीच नातवंडांना सांगायला लागलो. खोटं बोललो नाही शेठ, मला दिसत होतं."

अय्या हसले. आवाज न करता, नुसते खांदे हलवत.

"हसू नका अय्या. माझं काळीज जळतंय."

"तुला नाही हसलो. माझा धाकटा भाऊ आठवला. त्याला पक्कं आठवतं की माझ्या दीक्षेच्या दिवशी त्यानं लाडू चोरला आणि आमच्या थोरल्या स्वामींनी त्याचा कान पिळला. कुठला कान तेही सांगतो. डावा."

"मग?"

"माझी दीक्षा झाली तेव्हा तो जन्मला नव्हता."

विरूपाक्षाला हसू आलं नाही. एरवी याच गोष्टीवर तो बाजारभर हसला असता.

"तुमच्या भावाचं असेल. माझी आठवण तसली नाही. मालाचा ढीग बघून तो कुणाच्या शेतातला हे सांगणारा माणूस आहे मी. बाजारात पैजा लागतात माझ्यावर."

अय्या उठले. स्वयंपाकघरात गेले आणि डब्यातलं एक हळकुंड घेऊन आले. त्यांचा हात थरथरत होता. हळकुंड विरूपाक्षाच्या तळहातावर पडलं, ठेवलं गेलं नाही.

"कुठलं?"

विरूपाक्षानं फिरवून पाहिलं. नखानं खरवडलं. हुंगलं.

"हे कसं सांगणार? पॉलिश झालेलं आहे. ढोलात घालून फिरवलं की एकमेकांवर घासून सगळी सारखीच होतात. साल जातं, त्याबरोबर शेतातली मातीही जाते. मग मी काय, कुणीच सांगू शकत नाही."

"चमकतंय छान."

"चमकणारच. जितकं फिरवाल तितकं चमकतं. गिऱ्हाइकाला तेच लागतं."

"हं," अय्या म्हणाले. हळकुंड घेऊन त्यांनी मेथीच्या ताटात टाकलं. "आता ती गोष्ट सांग."

"कुठली?"

"पेवाची. दरवर्षी बाजार ऐकतो. मी कुठे ऐकलीय?"

विरूपाक्षानं आढेवेढे घेतले नाहीत. उदास असला तरी गोष्ट सांगायची म्हटल्यावर त्याची पाठ आपोआप ताठ झाली.

"दुपारची वेळ. आम्ही पोरं लपाछपी खेळत होतो. मी लाल सदरा घातला होता, नवा, दिवाळीचा. पेवाच्या तोंडावरचा दगड बाजूला केलेला. मी मागे सरकत सरकत गेलो आणि गेलोच. आत हळदीचा ढीग, त्यावर पालथा पडलो. एक हात असा डोक्यावर, एक चप्पल पायात, एक गायब. वर आरडाओरडा. आई न्हायला बसली होती, ओल्या केसांनी धावत आली. लोक म्हणाले, कंदील सोडा, कंदील सोडा. तेवढ्यात दस्तगीर पुढे झाला. डोक्याचं मुंडासं भिरकावलं, दोर कंबरेला बांधला, म्हणाला, कंदील पेटेपर्यंत पोरगं विझेल. आणि वाघासारखा आत उडी टाकली. सरळ माझ्यापाशी. मला उचललं, खांद्यावर टाकलं. माझं डोकं त्याच्या पाठीवर लोंबतंय, लाल सदरा हळदीनं पिवळा झालाय..."

तो थांबला. इथं तो दरवर्षी थांबायचा. इथं दस्तगीरची बायको डोळे पुसायची.

"फार चमकते," अय्या म्हणाले.

विरूपाक्षाची नजर मेथीच्या ताटाकडे गेली.

"लाल सदरा दिसतो तुला?"

"स्पष्ट. आत्ताही दिसतोय."

"पाठीकडून?"

"हो. मी पालथा ना."

"डोक्यावर हात, एक चप्पल, सगळं दिसतं?"

"सगळं."

"कुठून दिसतं?"

"कुठून म्हणजे... वरून. पेवाच्या तोंडातून."

"तू कुठे होतास?"

"खाली."

अय्या मेथी निवडू लागले. जून डावीकडे, कोवळी उजवीकडे.

"मग वर कोण होतं?" अय्यांनी विचारलं.

नदीवर कुणीतरी घाट धूत होतं, संध्याकाळच्या दिव्यांसाठी. बादली ओतल्याचा आवाज आला. पुन्हा आला.

विरूपाक्षानं डोळे मिटले. गोष्ट तशीच होती, जागच्या जागी. पण आता आपण ती कुठून पाहतोय हे त्याला कळलं. पेवाच्या काठावर गुडघे टेकलेले. खाली वाकलेलं. तोंडावर ओले केस येताहेत, ते मागे सारायचंही भान नाही...

"आई," तो म्हणाला.

अय्यांनी मेथीची एक काडी मोडून बाजूला टाकली.

"ती रोज सांगायची. मला झोप लागेना तेव्हा. पडलो त्यानंतर मी अंधाराला भ्यायचो, तर ती हेच सांगायची. असा पडला होतास, असा हात होता, लाल सदरा होता." त्यानं डोळे उघडले. "म्हणजे मला आठवतं ते माझं नाहीच. आईचं आहे."

"तिनं तुला तिचे डोळे दिले. तक्रार कसली करतोस?"

"तक्रार नाही, अय्या. पण मग माझं काय राहिलं?"

"दस्तगीरचं नाव आईनं सांगितलं?"

"हो."

"काय म्हणाली?"

विरूपाक्ष आठवू लागला. ज्याला बाजारातले सगळे भाव तोंडपाठ असायचे, त्याला एक वाक्य सापडेना.

"म्हणायची, दस्तगीरला विसरू नकोस."

"तो उतरला असं म्हणाली?"

"म्हणाली असेल. म्हणालीच असेल. नाहीतर..." तो अडखळला. "नाही सांगता येत. एवढंच येतंय. दस्तगीरला विसरू नकोस."

"विसरलास?"

"नाही."

"मग आईचं ऐकलंस की."

"पण अय्या, फेटा कुणाचा? जो उतरला तो कुठेतरी म्हातारा होऊन बसला असेल, नाहीतर मरून गेला असेल. त्याला ना फेटा मिळाला ना कधी शिरा. आणि मी दरवर्षी दुसऱ्याच्याच पायावर डोकं ठेवून घरी येत होतो, छाती भरून. ती छाती भरलेली खोटी होती का?"

हा खरा प्रश्न होता. एवढ्यासाठी तो उन्हात चालत आला होता. उपकाराची फेड ज्याची त्यालाच पोचली पाहिजे, ही त्याची जन्माची शिस्त. माल एकाचा आणि पावती दुसऱ्याला, हे त्यानं आयुष्यात कधी केलं नव्हतं.

"तुम्ही होता त्या दिवशी तिथे," तो म्हणाला. "आई सांगायची, अय्या पण धावले होते. तुम्ही सांगा. कोण उतरलं?"

"माझी आठवण घेऊ नकोस, विरू. मीही ती फार हाताळलीय."

"तरी सांगा."

"एक जण उतरला. अर्ध्यातून परत आला, गुदमरून. मग दुसरा. कधी वाटतं दुसरा कुणी गवंडी होता, कधी वाटतं कुणी वाटसरू. आणि खरं सांगू? अधूनमधून मला आठवतं की मीच उतरलो."

विरूपाक्ष सावरून बसला. "तुम्ही?"

"त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. तुझी गोष्ट आहेच तशी. आज ऐकताना पुन्हा मला कंबरेला दोर जाणवला." अय्यांनी कंबर चोळली. "ऐकेल त्याला ती खाली उतरवते."

मग त्यांनी ताट बाजूला सारलं आणि काठी घेतली.

"चल. मठामागे कोरे घराण्याचं पेव उघडलंय सकाळी."

मठामागे चिंचेखाली चार-पाच माणसं जमली होती. पेवाचा दगड बाजूला पडलेला. नुकताच कंदील वर आला होता, पेटता. भूपाल नावाचा मध्यम वयाचा गडी कंबरेला दोर बांधून घेत होता. दुसरा एक जण, अंगानं आडवा, पाय रोवून उभा होता आणि दोन्ही हातांना गोणपाट गुंडाळत होता.

"या शेठ," भूपाल म्हणाला. "तुम्हाला उतरायचंय काय? माझा नंबर देतो."

"तू किती वर्षं उतरतोस रे?" अय्यांनी विचारलं.

"मिसरूड फुटायच्या आधीपासनं."

"भीती गेली असेल."

"कशानं जाईल? रोज नवीन येतीय." भूपालनं हसून दोराची गाठ ओढून पाहिली, मग पुन्हा ओढून पाहिली. "जायच्या आधी बायकोशी भांडून येतो. म्हंजे जीव वर यायला बघतोय, भांडण पुरं करायला."

माणसं हसली. गोणपाटवाला हसला नाही. त्यानं दातांनी सुतळी ओढून मनगटावर गाठ मारली.

"हे कशाला?" अय्यांनी त्याला विचारलं. जणू जन्मभर हरिपुरात राहून त्यांना माहीत नव्हतं.

"न्हाई बांधलं तर दोर सरकतोय आणि हाताचं साल काढतोय, स्वामी. त्यात खालून दोघं जण यायचं असलं तर इचारूच नका. आयुष्यभर तळवा धड ऱ्हात न्हाई."

"आणि बांधायला वेळ नसेल तर?"

"मग काय. एकतर साल जाऊ द्यायचं, न्हाईतर दोर सोडायचा."

विरूपाक्षाचं लक्ष तिकडे नव्हतं. तो पेवाच्या तोंडाशी गेला होता. व्यापार हळदीचा असला तरी तो पेवाच्या काठावर कधी जात नसे. त्याचा माणूस जायचा. बाजारात यावर कुणी काही बोलत नसे.

"शेठ, वाकू नगा लई," भूपाल म्हणाला.

तो वाकला.

खालून वास आला. बाजारातल्या हळदीचा नाही. बाजारातली हळद उन्हात पडलेली असते, मोकळी असते. हा बंद वास होता. उबट, मातीचा, कडवट, घशात बसणारा. आणि त्या वासाबरोबर काहीतरी वर आलं. त्याला सदरा नव्हता, चप्पल नव्हती, शब्द नव्हते.

अंधार. गाल कशाला तरी चिकटलेला, ओल्या, खारट. कुणाचा तरी खांदा. त्या खांद्याच्या आत धडधड, फार जोरात, कानाला लागेल अशी. आणि पाठीवर एक हात. पसरलेला, मोठा. तो हात थरथरत होता. घट्ट धरला होता, आणि थरथरत होता.

बस. एवढंच. पुढे नाही, मागे नाही.

विरूपाक्ष मागे सरला आणि मातीतच बसला. जरीचा फेटा धुळीत पडला.

"काय आलं?" अय्यांनी विचारलं.

"हात."

"कुणाचा?"

"दिसत नाही."

"चेहरा?"

"नाही. काही नाही. अय्या..." डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. "अय्या, तो घाबरला होता."

अय्या शेजारी काठी टेकून उभे राहिले.

"मी इतकी वर्षं सांगत आलो, वाघासारखा उतरला. तो वाघबिघ नव्हता. त्याचे हात कापत होते. एवढा घाबरलेला माणूस, कुणाचं कोण मी, आणि तरी उतरला. तरी मला धरून राहिला." तो हसायला लागला, रडतच. "हे तर गोष्टीपेक्षा मोठं आहे. कितीतरी मोठं आहे हे."

भूपाल दोर धरून अवघडून उभा होता. मोठ्या माणसाला मातीत बसून रडताना पाहून कुणीकडे बघावं हे त्याला कळेना. शेवटी तो म्हणाला, "शेठ, पाणी आणू काय?"

"नको. तू उतर," विरूपाक्ष म्हणाला. "सावकाश उतर."

भूपालनं तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेतलं आणि पाय आत सोडले. गोणपाटवाल्यानं दोर ताणला, टाचा मातीत रुतवल्या. त्याच्या मानेवरची शीर टरारून वर आली. दोर हळूहळू त्याच्या हातांतून सरकू लागला. कर्र... कर्र...

आता विरूपाक्षानं तिकडे पाहिलं. मग अय्यांच्या हाताकडे पाहिलं. काठीवर टेकलेला तो हात थरथरत होता.

अय्यांनी त्याची नजर ओळखली. हात उपरण्याखाली घेतला.

"हा वयाचा कंप आहे. तो तुझ्या गोष्टीला चिकटवू नकोस."

"मी कुठे काय म्हणालो?"

"म्हणाला नाहीस. पुढच्या वर्षी म्हणशील."

विरूपाक्षानं कान पकडले. मग फेटा उचलला, झटकला, गुडघ्यावर ठेवून नीट घडी घातली. घडी घालता घालता त्याचा हात मंदावला.

"अय्या, उतरलेल्याचं नाव मला आता कधीच कळणार नाही ना?"

"बहुतेक नाही."

"म्हणजे रस्त्यात भेटेल तो म्हातारा तो असू शकतो."

"असू शकतो."

"मग मला सगळ्यांनाच वाकून चालावं लागेल."

"कंबर दुखेल," अय्या म्हणाले. "पण सवय होते."

खालून भूपालची हाक आली, पोकळ, लांबून आल्यासारखी. ठीक आहे म्हणत होता. वरच्या माणसानं मान हलवली, जणू खालच्याला ते दिसणार होतं. दोर त्यानं सोडला नाही.

विरूपाक्ष ते पाहत राहिला.

"दस्तगीर म्हणाला, तो वर होता," तो हळूच म्हणाला. "बसून. मोडका पाय पसरून. दोर धरून."

"असं म्हणाला?"

"म्हणाला. मी तेवढंच कानाआड केलं. उतरलो नव्हतो एवढंच डोक्यात घेऊन उठून आलो. शिराही तसाच ठेवून. त्याच्या बायकोनं हाक मारली, तेही ऐकलं नाही." त्यानं सूर्याकडे पाहिलं. "दुपार टळली. अजून पाटावरच बसला असेल तो. मी उठ म्हटल्याशिवाय तो उठत नाही. पहिल्यापासून तसाच आहे."

अय्यांनी काठीनं वाट दाखवली.

विरूपाक्ष उठला. त्यानं अय्यांच्या पायांना हात लावला. मग पेवाच्या काठावर जाऊन तिथल्या मातीला लावला. काय मनात आलं कोण जाणे, गोणपाटवाल्यापुढेही वाकला. तो बिचारा दोर सोडू शकत नव्हता, मागेही सरू शकत नव्हता. "अवो शेठ, अवो शेठ," एवढंच म्हणत राहिला.

मग विरूपाक्ष निघाला. एका काखेत फेटा, हातात पिशवी. चिंचेच्या पलीकडे पोचला, तेव्हा मागून अय्यांची हाक आली.

"विरू."

तो थांबला.

"यंदा नारळ टॉवेलात देऊ नकोस. उघड्या तळव्यावर दे."